छतापासून मोजलेलं झाड

वजनमाप निरीक्षक माणूस म्हणून वाईट नव्हते. फक्त त्यांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. स्वतःच्याही नाही, आणि दुसऱ्याच्या तर नाहीच नाही. बाजाराच्या तोंडाशी त्यांची पिशवी दिसली की दुकानदार पारडी पुसायला घेत. घरात त्यांच्या हातात टेप दिसली की बायको स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला बसे. नवा पडदा आणला, तर तो बोटभर आखूड निघे आणि दुकानात परत जाई. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं कपाट या जावयाने बोहल्यावरून उतरल्या उतरल्या मोजून पाहिलं होतं, अशी एक गोष्ट सासरी अजून सांगतात. ती अगदी खरी आहे, कारण कपाट उंचीला कमी होतं.

अशा माणसाच्या घरी साडूंनी झाड ठेवायला आणलं.

साडू म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. एका कंपनीत वरच्या हुद्द्यावर. सासरी दोघे जावई शेजारी बसले, तर टेबलफॅन साडूंच्या बाजूला वळे, आणि निरीक्षकांना जी काही हवा मिळे ती साडूंच्या अंगाला लागून उरलेली. साडूंना नव्या शाखेच्या कामावर सहा महिने परगावी जायचं होतं. बढतीच्या वेळी त्यांच्या साहेबांनी त्यांना हे झाड भेट दिलं होतं. कमरेइतकं उंच, ताटलीएवढ्या पानांचं, आणि नाव असं की ते साडूंनी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं. ऊन लागू देऊ नका, अंधारात ठेवू नका, पाणी कमी पडू देऊ नका, जास्त तर मुळीच घालू नका, असं सगळं सांगून झाल्यावर दारात चपला घालता घालता ते म्हणाले, "जमेल ना तुम्हाला? नाहीतर नर्सरीवाला ठेवून घेतो. त्याला सवय असते."

हे वाक्य निरीक्षकांच्या वर्मी बसलं. सरकारने ज्याच्या हाती सगळ्या बाजाराची वजनं सोपवली, त्याला एक कुंडी जमेल का, हा काय प्रश्न झाला? ते म्हणाले, "तुम्ही परत याल तेव्हा ओळखणार नाही झाडाला." साडू हसले. ते हसू निरीक्षकांना पुढचे कित्येक दिवस पुरलं.

झाड बाहेरच्या खोलीत बसलं. त्या खोलीत निरीक्षकांची आईही असे. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे दिवसाचा बराचसा वेळ पलंगावर, उशाशी खिडकी, खिडकीच्या कट्ट्यावर औषधं, रेडिओ आणि चष्म्याचं घर. समोरच्या भिंतीवर घड्याळ. आईने पहिल्याच दिवशी झाडाचं नाव जावईबापू ठेवलं. "मानपान बघा त्याचा," ती सुनेला म्हणाली, "आपल्याकडे असा कोणी आला नव्हता."

चारच दिवसांत जावईबापूंनी एक पान टाकलं. आणखी दोन दिवसांनी दुसरं. बायको म्हणाली की आईंच्या उशाशी खिडकीत ठेवून बघू या, तिथे सकाळचा चांगला उजेड येतो. निरीक्षकांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. खिडकीतल्या उजेडाला माप आहे का काही? ढग आला की कमी, ढग गेला की जास्त, समोरच्यांनी चादर वाळत घातली की बंद. असल्या बेभरवशाच्या मालावर साडूंचं झाड सोडायचं? झाडाला उजेड मिळेल तो मोजून मिळेल. म्हणजेच झाडांसाठी मिळतो तो खास दिवा आणायचा, वरून टांगायचा.

दिवा निवडायचा म्हटल्यावर सगळी इमारत कामाला लागली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी निळाच दिवा घ्या म्हणून सांगितलं. दातात भरलेलं सिमेंट त्यांच्या निळ्या दिव्याने क्षणात टणक होतं. झाड टणक करायचं नाहीये, हे निरीक्षकांनी त्यांना समजावलं, पण डॉक्टरांना फरक पटला नाही. कमिटीच्या सेक्रेटरींच्या मते तांबडा बरा, कारण कोंबड्यांच्या पिल्लांना तोच लावतात. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले की दिवा कुठलाही घ्या, पण कागदपत्रं सांभाळून ठेवा.

निळा आणि तांबडा या दोन्ही मतांचा मान राखून निरीक्षकांनी जांभळा आणला. म्हणजे लगेच आणला नाही. दुकानात त्यांनी आधी खोक्यावरचं वजन वाचलं, मग पिशवीतून स्वतःचा काटा काढला आणि दिवा त्याला लावला. वजन चिमूटभर कमी भरलं. दुसरा लावला, तोही कमी. दुकानदार सगळी खोकी फोडून देता देता शेवटी म्हणाला, "साहेब, दिवा आहे हो हा. बटाटे नाहीत." निरीक्षकांनी त्याला सांगितलं की जो वजनात खोटं बोलतो, तो उजेडात खरं का बोलेल? दुकानदार रिकामी खोकी गोळा करू लागला. त्यातल्या त्यात कमी खोटा दिवा निरीक्षकांनी तात्पुरता घेतला.

तो त्यांनी पडद्याच्या दांडीला टांगला. संध्याकाळी खोली जांभळी झाली. आईचे पांढरे केस जांभळे, दूध जांभळं, बायकोने आणून ठेवलेला भात जांभळा. दारात आलेल्या पोस्टमनने निरीक्षकांना तब्येत विचारली. पण खरा घोटाळा रस्त्यावरून झाला. काचेतून रोज तो रंग दिसायला लागल्यावर इथे ब्यूटी पार्लर निघालं असं पसरलं. एक बाई तर सरळ आत येऊन खुर्चीत बसल्या आणि भुवया किती वेळात होतील म्हणून निरीक्षकांना विचारू लागल्या. आईने त्यांना सांगितलं की आमच्याकडे सध्या फक्त झाडाचंच करतात.

चौथ्या दिवशी कमिटीची नोटीस आली: राहत्या जागेत विनापरवाना व्यवसाय. निरीक्षक आयुष्यभर दुसऱ्यांना नोटिसा देत आले होते. स्वतःच्या नावाच्या नोटिशीवरची तारीख आणि शिक्का त्यांनी आधी तपासला. मग खुलासा करायला सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींना व्यवसाय नाही हे मान्य झालं, पण मग झाड सहा महिने कोणत्या नात्याने राहतंय, हा प्रश्न निघाला. त्यांच्या फॉर्मात रकाने तीनच: कुटुंबातील व्यक्ती, पाळीव प्राणी, पोटभाडेकरू. झाड साडूंचं, म्हणजे कुटुंबातलं नाही. प्राणी नाही. बऱ्याच चर्चेनंतर पोटभाडेकरूच्या रकान्यात झाडाची नोंद झाली. वय विचारलं तेव्हा निरीक्षकांनी परगावी साडूंना फोन लावला, आणि साडूंनी सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेऊन म्हटलं, "अजून दिवाच बघताय का तुम्ही?"

त्या फोननंतर मात्र निरीक्षक पेटले. जांभळा दिवा परत गेला. शहरभर हिंडून, दुकान दुकान पालथं घालून, त्यांनी एक पांढऱ्या उजेडाचा लांबट दिवा शोधून काढला. खोक्यावर जे वजन लिहिलं होतं ते काट्यावर बरोब्बर भरत होतं, वाटाण्याएवढाही फरक नाही. दुकानातल्या सगळ्या दिव्यांत तो जड होता, आणि का जड होता हे दुकानदारालाही सांगता येत नव्हतं. निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. इतका प्रामाणिक माल त्यांनी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता. उजेड किती पडतो हे विचारायचं त्या आनंदात राहूनच गेलं.

एवढा जड दिवा पडद्याच्या दांडीला पेलणार नव्हता. त्याला छतात हूक हवा होता, आणि इथे निवृत्त बँक मॅनेजर आडवे आले. "तुमचं छत म्हणजे माझी जमीन," ते म्हणाले. त्यांच्या पलंगाखालून कोणी भोक पाडत येत असेल तर त्यांनी झोपायचं कसं? प्रकरण कमिटीपुढे गेलं. कमिटी तीनदा बसली. छताच्या स्लॅबचा मधला भाग कोणाचा, यावर एक पोटसमिती नेमायची वेळ आली होती, तेवढ्यात मधला मार्ग निघाला: भोक पाडावं, पण ते बोटाच्या एका पेरापेक्षा खोल असू नये.

निरीक्षक उठून उभे राहिले. पेर म्हणजे किती? कोणाचं पेर? ज्या माणसाने दुकानदारांच्या मुठी आणि ओंजळी जन्मभर मोडून काढल्या, त्याच्या घरात पेराने मोजमाप होणार? त्यांनी मिलिमीटरमध्ये ठराव मागितला. सेक्रेटरी म्हणाले की ठराव लिहून झालाय, आता खाडाखोड होणार नाही. पेर कोणाचं, एवढं मात्र ठरवून देऊ. ज्यांची जमीन त्यांचं पेर, असं ठरलं. बँक मॅनेजरांनी जन्मभर नोटा मोजून झिजलेली करंगळी पुढे केली.

वायरमनने ड्रिल मशीन लावलं तेव्हा मॅनेजर शिडीखाली करंगळी वर करून उभे होते. भोक पडलं. वायरमनने त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकली, हूक पिळून बसवला, एकदा ओढून पाहिला, आणि आणखी ओढायचा मोह आवरून खाली उतरला. हूक बसलाय, म्हणाला, पण धरेलच असं मी म्हणत नाही. दिवा दोन दोऱ्यांवर टांगला. दोऱ्यांना चाप होते. चाप दाबून दोरी ओढली की दिवा वर जाई, चाप सोडला की तिथेच राही. निदान खोक्यावर तसं लिहिलं होतं, आणि या खोक्याने वजनाच्या बाबतीत शब्द पाळला होता.

झाडाच्या शेंड्यापासून दिवा वीतभर उंच असावा, असं माहितीपत्रकात होतं. निरीक्षकांनी टेप लावून अंतर पक्कं केलं. पुढच्या रविवारी पुन्हा टेप लावली. अंतर कमी झालं होतं. चांगलं दोन बोटं कमी.

झाड वाढलं होतं!

त्यांनी दोनदा मोजलं. मग बायकोला टेपचं एक टोक धरायला लावून तिसऱ्यांदा मोजलं. दोरी ओढून दिवा पुन्हा वीतभर उंचीवर नेला आणि साडूंना फोन केला. "एका आठवड्यात दोन बोटं," ते शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले. साडू 'अरे वा' म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

दर रविवारी हेच व्हायला लागलं. अंतर कमी व्हायचं, निरीक्षक दिवा वर न्यायचे आणि फोन करायचे. बेरीज वाढत गेली: वीत, मग हात. साडूंनी आपल्या ऑफिसात हे सांगायला सुरुवात केली. मेव्हणीने बहिणीला फोन करून विचारलं की तुझे हे झाडाला घालतात तरी काय? सासऱ्यांनी सुद्धा निरीक्षकांची आठवण काढली, कपाटाचा विषय न काढता. ऑफिसात निरीक्षक ताठ चालू लागले.

"पण दिसत तर नाही वाढलेलं," बायको एकदा म्हणाली. तिला झाड आलं होतं तसंच, उलट जरा दमल्यासारखं वाटत होतं.

"डोळ्यांना दिसलं असतं तर सरकारने वजनमाप खातं कशाला काढलं असतं? रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही."

तिने मातीपासून शेंड्यापर्यंत एकदा मोजून बघा म्हटलं. निरीक्षक हसले. माती पाण्याने बसते, कुंडी झाडताना हलते. मोजायचं ते हलत नाही अशा जागेपासून, हा त्यांच्या खात्यातला पहिला धडा. घरात न हलणारी वस्तू एकच, ती म्हणजे छत. आणि दिवा छताला टांगलेला आहे.

आई पलंगावरून हे ऐकत असे. तिचा मुक्काम दिव्यासमोर, आणि दिव्याच्या पलीकडे घड्याळ. एका शनिवारी ती म्हणाली, "अरे, तो दिवा खाली येतोय."

निरीक्षकांनी लक्ष दिलं नाही.

"सोमवारी मला घड्याळ अख्खं दिसतं. आता बाराचा आकडा दिव्याने झाकलाय. उद्या तू ओढशील तेव्हा परत दिसेल."

निरीक्षक हादरले, पण दिव्यामुळे नाही. आईची नजर गेली असं त्यांना वाटलं. ते तिला रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरायला अर्धी सकाळ लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की या वयात इतकी चांगली नजर मी पाहिली नाही. घरी आल्यावर निरीक्षकांनी पुष्कळ विचार केला. आईची नजर चांगली, दिवा छताला बांधलेला. म्हणजे चूक घड्याळाची. त्यांनी घड्याळाचा खिळा उपटला आणि घड्याळ हातभर खाली लावलं. आईने कूस बदलली आणि रेडिओ लावला.

सहा महिन्यांनी साडू परत आले, आणि त्याच आठवड्यात ते झाड न्यायला येणार असं ठरलं. त्यांना आता स्वतंत्र केबिन मिळाली होती आणि तिचा एक कोपरा रिकामा होता. निरीक्षकांच्या बेरजेप्रमाणे झाड आता माणसाच्या डोक्यावरून गेलं असणार, म्हणून साडू तयारीने आले. बरोबर टेम्पो, दोन हमाल, आणि आंघोळीला बसता येईल एवढी निळी चिनीमातीची कुंडी. हमालांनी कुंडी धापा टाकत जिन्यावरून आणली आणि नेमकी दिव्याखाली, झाडाच्या शेजारी ठेवली. मेव्हणी आली. दातांचे डॉक्टर आले, सेक्रेटरी आले. बँक मॅनेजर आपल्या जमिनीची काळजी म्हणून आले. निरीक्षक इस्त्रीचा शर्ट घालून, टेप खिशात ठेवून उभे होते.

साडूंनी खोलीभर नजर फिरवली. मग पुन्हा फिरवली.

"मोठं झाड कुठं आहे?"

"हेच ते," निरीक्षक म्हणाले.

झाड कमरेइतकं होतं. नीट पाहिलं तर कमरेच्या जरा खालीच, कारण मान टाकली होती. साडू त्याच्याकडे, मग त्या प्रचंड कुंडीकडे, मग टेम्पोवाल्याने खाली वाजवलेल्या हॉर्नच्या आवाजाकडे बघत राहिले. निरीक्षकांनी टेप काढली. आठवड्याला दोन बोटं, त्यात चूक नाही, आजचंही अंतर बघा, रविवारपेक्षा कमी आहे. ते वाकून आकडा वाचू लागले. त्यांचा आवाज वाचता वाचता बारीक होत गेला.

"दिवा उतरतो रे," आई पलंगावरून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "जड आहे. चाप घसरतो थोडा थोडा. मी रोज बघते. तू फक्त रविवारी बघतोस."

मेव्हणीने पदर तोंडाला लावला, आणि तो रडण्यासाठी नव्हता. इतके आठवडे निरीक्षकांनी झाड नव्हे, दिवा मोजला होता, आणि दिव्याची घसरगुंडी सासरी वाढ म्हणून कळवली होती. हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि साडूंसमोर कबूल करणं वेगळं. "असं कसं होईल? हे बघा, चाप अगदी घट्ट आहे," म्हणत त्यांनी दोरीला हिसका दिला.

त्या हिसक्यापुरता चाप खरोखरच घट्ट राहिला. निघाला तो हूक. बँक मॅनेजरांच्या करंगळीच्या पेरातून गिट्टीसकट, मूठभर प्लास्टरसकट तो सुटला आणि शहरातला सर्वांत प्रामाणिक दिवा आपल्या पूर्ण वजनानिशी निळ्या कुंडीत पडला. कुंडीचे दोन सरळ तुकडे झाले. झाडाचं एक पान फाटलं. मॅनेजर "माझी जमीन!" म्हणून वर पळाले.

धुरळा बसल्यावर साडूंनी खांद्यावरचं प्लास्टर झटकलं. ते चिडले असते तर निरीक्षकांना सोसलं असतं. पण साडू नेहमीसारखेच हसले. "मला केबिनचा कोपरा भरायचा होता," ते म्हणाले, "याने टेबलही भरणार नाही. राहू दे इथंच. साहेबही निवृत्त झाले आता. तुम्हालाच शोभतं ते." आणि रिकामा टेम्पो घेऊन ते गेले. मेव्हणीच्या हसण्याचा आवाज जिना संपेपर्यंत ऐकू येत होता.

बायकोने केर भरला. मग तिने सासूच्या उशाशी असलेला रेडिओ पलीकडे सरकवला, औषधं खुर्चीवर ठेवली आणि झाड उचलून खिडकीत नेलं. घड्याळही तिनेच पुन्हा जागेवर लावलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात एका वाण्याचा टांगता तराजू तपासायचा होता. निरीक्षकांनी पिशवी उघडली नाही. आधी मान वर करून तराजू कशाला टांगलाय ते बराच वेळ पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं पाहिलेलं वाण्याला आठवत नव्हतं. तो इतका घाबरला की त्याने आपणहून दुसराच तराजू काढून दिला. रविवारी फोन करायचा नव्हता, त्यामुळे सकाळ फार लांबली.

पुढच्या काही दिवसांत सगळ्या इमारतीने झाडाची चौकशी केली. "साहेब, वाढ कशी काय?" असं विचारताना सेक्रेटरी निरीक्षकांच्या डोक्यावर, छताच्या दिशेने बघत. छताचं भोक बुजवायला परवानगी लागेल, असंही त्यांनी कळवलं. त्यासाठी कमिटी बसणार होती.

एका सकाळी खिडकीतल्या झाडाच्या शेंड्याशी निरीक्षकांना काहीतरी हिरवट, गुंडाळलेलं दिसलं. पान असावं. किंवा पूर्वीपासून तिथेच असलेलं काहीतरी असावं. त्यांना आता कशाचीच खात्री वाटत नव्हती. त्यांनी सवयीने टेप काढली, दोन हातांत धरली, आणि ती कुठे टेकवावी हे त्यांना सुचेना. माती बसते. कुंडी हलते. छताकडे तर बघायची सोय उरली नव्हती. आई उशीवरून त्यांच्याकडे पाहत होती.

शेवटी त्यांनी टेप बंद केली. "आई," ते हळूच म्हणाले, "तू रोज बघतेस. वाढलंय का गं हे?"

आईने चष्मा पुसून डोळ्याला लावला, झाडाकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"कुठून मोजतोयस, त्यावर आहे," ती म्हणाली.